लाकडाचा सांगाडा, रेशमाचे बळ : जुन्या रेडिओ-नियंत्रित विमानांच्या पंखांची कथा

१/१०
अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई संग्रहालयाकडे ‘गफ’ नावाचे एक मॉडेल विमान आहे. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी ते घडविले आणि १९३७ साली रेडिओच्या आज्ञेने उडविले. पंखांचा विस्तार सुमारे ८ फूट. हलक्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले पातळ आवरण. असा पंख हवेत मोडत कसा नसे? निम्मे उत्तर त्या आवरणात आहे.

२/१०
उडत्या पंखाला दोन संकटांशी झुंजावे लागते : वाक आणि पीळ. वाक सोसण्याचे काम पंखाच्या लांबीभर जाणारी पट्टी, म्हणजे स्पार, करते. वर एक व खाली एक स्पार ठेवून मध्ये उभ्या रेषांच्या बाल्साच्या पातळ चकत्या चिकटवल्या, की वजन फारसे न वाढता ताकद कितीतरी वाढते.

३/१०
पीळ मात्र निराळा. बांबूची शिडी दोन्ही टोकांना धरून पिळून पाहा. ती सहज पिळवटते. फासळ्या आणि स्पार यांचा उघडा सांगाडा असाच असतो. त्यावर चहूबाजूंनी ताठ कातडे चढविले, तरच तो पिळाला दाद देत नाही.

४/१०
कापड सांगाड्याला आधार देते, ही जाण फार जुनी आहे. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानावर मलमलीचे कापड चढविताना त्याचे धागे फासळ्यांशी ४५ अंशांत तिरके ठेवले. त्यामुळे प्रत्येक धागा हा एक सूक्ष्म तिरकस आधार बनला.

५/१०
नुसते कापड सैल पडते. त्याला ताठर करी ते ‘डोप’ : द्रावकात विरघळविलेले सेल्युलोजचे संयुग. द्रावक उडून जाताना थर आकसतो आणि कापड तबल्याच्या पुडीसारखे तणते. पहिल्या महायुद्धकाळात विमानांच्या डोपमधील टेट्राक्लोरोइथेन या द्रावकाच्या वाफांनी ब्रिटनमधील कामगारांना विषारी कावीळ झाली. काहींनी प्राणही गमावले. पंखांच्या त्या तकाकीची किंमत कुणीतरी अशी मोजली होती.

६/१०
मॉडेलकारांची रीत अशी : सांगाडा बारीक पॉलिश कागदाने घासायचा, रेशीम ओले करून त्यावर पसरायचे, कडा चिकटवायच्या, सुकू द्यायचे. मग पातळ डोपचे हात एकावर एक. घाई केली तर आकसणारे आवरण पंखालाच वाकडे करी. म्हणून सुकेपर्यंत पंख सपाट फळीवर टाचण्यांनी जखडून ठेवीत. लहान विमानांना रेशमाऐवजी टिश्यू कागद पुरे.

७/१०
सर्वाधिक ताण मध्यभागी येतो. तेथे पंखाचे दोन अर्ध किंचित वर उचललेल्या कोनात जुळतात. त्या सांध्यात प्लायवूडचे आडणे बसवीत आणि वरून गोंदात भिजलेल्या कापडाची पट्टी गुंडाळीत. पुढे तिची जागा काचतंतू आणि रेझिनने घेतली. पंख धडाला रबरबँडांनी बांधलेला असे, म्हणजे आपटल्यावर तो मोडण्याऐवजी निसटे.

८/१०
१९४७ साली रे आर्डन यांचा ग्लो प्लग बाजारात आला. त्यावर चालणाऱ्या इंजिनांचे इंधन म्हणजे मिथेनॉल आणि आपले एरंडेल. हे मिश्रण साध्या नायट्रेट डोपला विरघळवी. नव्या इंजिनाने जुनी तकाकी निकामी केली. त्यामुळे इंधनाला अधिक टिकणारे ब्युटिरेट डोप रूढ झाले, किंवा नायट्रेटवर संरक्षक लेप चढू लागला.

९/१०
१९६० च्या दशकात मोनोकोटसारख्या फिल्म आल्या. मागे गोंद लावलेली प्लास्टिकची रंगीत फिल्म इस्त्रीने चिकटवायची. ना वास, ना अनेक दिवसांची प्रतीक्षा. परंतु फिल्म डोप दिलेल्या रेशमाइतका पीळ रोखत नाही. जुन्या आराखड्यातील लाकूड तेवढेच ठेवून वर फिल्म लावली, तर वेगात सूर मारताना पंख फडफडू लागण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो.

१०/१०
उपाय लाकडातच सापडला. पंखाच्या पुढच्या कडेपासून स्पारपर्यंत वर-खाली बाल्साचा पातळ पत्रा आणि स्पारमध्ये उभ्या चकत्या. यातून बंद नळी तयार होते आणि ती पीळ सोसते. काही जण फासळ्यांमध्ये तिरकस पट्ट्याही घालतात.

आराखडा काढणाऱ्याच्या मनात रेशीम आणि डोप गृहीत होते. कागदावर मात्र बहुधा लाकडाच्या रेषाच उमटल्या. म्हणून जुने विमान पुन्हा घडविताना त्या रेषांइतकीच त्यांच्यामागची गृहीतकेही वाचावी लागतात. इतिहासाचे कोणतेही साधन हाताळताना हे लक्षात असू द्यावे.