लिस्बनकडे पाठ फिरवल्यावर

पोर्तुगालला जाणारा मराठी प्रवासी बहुधा लिस्बनच्या बेलें भागातच रमतो. ते साहजिकही आहे. वास्को द गामाची कबर तिथल्या जेरोनिमोस मठात आहे, आणि हा अवाढव्य मठ आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या ५ टक्के करातून उभा राहिला आहे. मसाल्याच्या पैशाचे इतके देखणे रूप दुसरीकडे क्वचितच दिसेल. पण गोवा, वसई, चौल इथे आलेली माणसे सगळीच काही बंदरात वाढलेली नव्हती. त्यातले अनेक जण समुद्रापासून दूरच्या गावांत जन्मले, तिथल्या विद्यापीठांत शिकले आणि मग गलबतावर चढले. त्यांचा माग काढायचा तर लिस्बनकडे पाठ फिरवून गाडी पूर्वेला घ्यावी लागते.

यामागे आणखी एक कारण आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंपाने हादरवले. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि मग आग लागली. तेजो नदीकाठचा राजवाडा गेला, शेजारचे ‘काझा दा इंडिया’ गेले. पूर्वेच्या व्यापाराचा सगळा हिशेब याच कचेरीत होत असे. आज त्या भागात दिसतात ते सरळ रेषेतले रस्ते मार्केश द पोंबाल या मंत्र्याने नंतर आखलेले आहेत. सोळाव्या शतकातला पोर्तुगाल पाहायचा असेल तर तो आतल्या भागातच अधिक शाबूत सापडतो.

एव्होराच्या वाटेवर दोन्ही बाजूंना बुचाच्या ओकची झाडे सुरू होतात. काही झाडांची साल खोडावरून फांद्यांच्या बेचक्यापर्यंत सोललेली असते. आतले खोड तांबूस दिसते आणि त्यावर पांढऱ्या रंगाने एकच आकडा रंगवलेला असतो. साल ज्या वर्षी काढली त्या वर्षाचा तो शेवटचा अंक. त्यानंतर नऊ वर्षे त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, असा दंडक आहे. जगातले जवळपास निम्मे बूच पोर्तुगालमधून येते, त्यातले बरेचसे याच अलेंतेजू प्रांतातून.

एव्होरा हे तटबंदीतले पांढरे शहर. गावाच्या माथ्यावर पहिल्या शतकातले रोमन मंदिर आहे. त्याचे १४ खांब अजून उभे आहेत. लोक त्याला डायानाचे मंदिर म्हणतात, पण ते रोमन सम्राटाच्या पूजेसाठी असावे, असे अभ्यासक मानतात. या देवळाने फार हाल सोसले. मध्ययुगात खांबांमधल्या जागा चिणून टाकल्या गेल्या आणि १८३६ पर्यंत तिथे चक्क खाटिकखाना होता. देवळाला खेटून उभ्या असलेल्या इमारती एकेकाळी इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाच्या, वापरात होत्या. त्या पाडून हे अवशेष मोकळे करण्यासाठी ज्याने १८४० च्या सुमारास खटपट केली, तो शेजारच्याच सार्वजनिक ग्रंथालयाचा प्रमुख होता. त्याचे नाव जुआकिं एलिओदोरो द कुन्हा रिव्हारा.

गोव्याच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. रिव्हारा १८०९ मध्ये एव्होराजवळच्या अराइओलुश या गावी जन्मला. हे गाव आजही हाताने भरलेल्या लोकरी गालिच्यांसाठी ओळखले जाते. कोइंब्रात वैद्यक शिकूनही त्याचा जीव रमला तो जुन्या कागदांत. एव्होराच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितांची सूची त्याने केली आणि १८५० साली तिचा पहिला खंड छापला. अमेरिका, आफ्रिका आणि आशियाविषयीची हस्तलिखिते या खंडात आहेत. म्हणजे गोवा पाहण्याआधी त्याने गोव्याचे कागद चाळले होते.

पाच वर्षांनी तो सरकारचा मुख्य सचिव म्हणून गोव्यात आला आणि दोन दशकांहून अधिक काळ राहिला. थॉमस स्टीफन्स हे नाव मराठी वाचकाला ‘क्रिस्तपुराणा’मुळे ठाऊक असते. त्याच स्टीफन्सने लिहिलेले कोकणीचे व्याकरण रिव्हाराने १८५७ मध्ये पुन्हा छापून घेतले. पुढच्याच वर्षी त्याचा कोकणी भाषेवरचा ऐतिहासिक निबंध प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलू लागावे, असा फतवा व्हाइसरॉयने १६८४ मध्ये काढला होता. पोर्तुगीज सत्तेतल्याच एका बड्या अधिकाऱ्याने त्या धोरणाची चिरफाड करावी आणि गोव्याच्या तरुणांना मातृभाषा जोपासायला सांगावे, ही लहान गोष्ट नव्हे. देऊळ मोकळे करणारा आणि भाषेची बाजू घेणारा माणूस एकच होता, हे एव्होरात त्या खांबांसमोर उभे राहिले की विशेष पटते. १८७९ मध्ये तो एव्होरातच वारला.

याच शहरात हाडांनी मढवलेले फ्रान्सिस्कन प्रार्थनाघर आहे. पर्यटकांची रांग तिथेच मोठी असते. त्या मानाने कॅथेड्रलमध्ये निवांतपणा मिळतो. १५८४ मध्ये जपानहून गोव्यामार्गे आलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या शिष्टमंडळाने या कॅथेड्रलचा ऑर्गन वाजवला होता.

इथून उत्तरेला एस्त्रेमोझच्या संगमरवरी खाणी मागे टाकत रस्ता स्पेनच्या सीमेकडे चढतो. डोंगराच्या उतारावर कास्तेलो द व्हीद लागते. किल्ल्याखालच्या ज्यू वस्तीतले बोळ इतके चढे आहेत की गाडी खालीच ठेवावी. घरांच्या दगडी चौकटी गॉथिक टोकदार कमानीच्या आहेत. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हाकलले तेव्हा अनेक कुटुंबे सीमा ओलांडून या गावात आली. पण पाचच वर्षांत पोर्तुगालनेही त्यांना बळाने ख्रिस्ती केले. अशाच एका कुटुंबात १५०० च्या आसपास गार्सिया द ओर्ता जन्मला.

स्पेनमधल्या सालामांका आणि आल्काला इथे शिकून तो गावी परतला. काही वर्षे त्याने इथे वैद्यकी केली, मग लिस्बनच्या विद्यापीठात शिकवले. १५३४ मध्ये तो मार्तिम अफोन्सु द सोझाच्या ताफ्याबरोबर हिंदुस्थानात आला आणि परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा वैद्य आणि मित्र म्हणून घरोबा होता. मुंबईचे बेट त्याच्याकडे मक्त्याने होते, आणि तिथल्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याच्या झाडाचा त्याने कौतुकाने उल्लेख केला आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या वनस्पती आणि औषधांची माहिती संवादाच्या रूपात येते. एक नवखा पंडित ग्रीक व अरब ग्रंथांचे दाखले देत राहतो, आणि ओर्ता त्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. युरोपभर हा ग्रंथ क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लॅटिन संक्षेपातून पोचला.

ओर्ता १५६८ मध्ये मानमरातबासह वारला. दुसऱ्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळले. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. कास्तेलो द व्हीदमधल्या सिनेगॉगपुढे ही हकिकत आठवली की पाय जड होतात. राष्ट्राध्यक्ष मारिओ सोआरेश यांनी १९८९ मध्ये याच गावात ज्यूंची जाहीर क्षमा मागितली.

पश्चिमेला वळून तोमार लागते. गडावरचा टेंपलर सरदारांचा मठ भव्यच आहे. पण गावातल्या लहानशा, चार खांबांच्या सिनेगॉगला आधी जावे. भिंतींच्या कोपऱ्यांत वर मातीची मडकी उलटी बसवलेली आहेत, आवाज नीट घुमावा म्हणून. ज्यू गेल्यावर ही वास्तू तुरुंग झाली, पुढे गवताची कोठी. १९२३ मध्ये सामुएल श्वार्झ या पोलिश खाण अभियंत्याने ती विकत घेऊन वाचवली.

तिथून पुढे कोइंब्रात जुआनिना ग्रंथालय आहे. सोनेरी नक्षीच्या कपाटांमागे वटवाघळे राहतात, रात्री पुस्तकांचे किडे खातात, आणि त्यांच्या विष्ठेपासून जपण्यासाठी रोज संध्याकाळी टेबलांवर चामडे अंथरले जाते. पण या शहराला दुसरी बाजूही आहे. लिस्बन आणि एव्होराबरोबर इन्क्विझिशनचे तिसरे न्यायासन इथे होते. चौथे, समुद्रापलीकडचे एकमेव, गोव्यात.

मायदेशातल्या या तिन्ही न्यायासनांची हजारो प्रकरणे लिस्बनच्या ‘तोर्रे दो तोंबो’ या राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित आहेत. गोव्याचे न्यायासन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले आणि त्याचे बहुतेक दफ्तर जाळले गेले. त्यामुळे काउंट फिकाल्यूने १८८६ मध्ये ओर्ताचे विस्तृत चरित्र लिहिले तेव्हा ओर्ताच्या घराण्यावरच्या इन्क्विझिशनच्या कारवाईची ही बाजू त्याला ठाऊकच नव्हती. ती उजेडात आणली औगुश्तो द सिल्वा कार्व्हाल्यू या डॉक्टर इतिहासकाराने, लिस्बनमध्ये उरलेल्या इन्क्विझिशनच्या कागदांतून, १९३४ मध्ये.