‘नाही’ म्हणणारी माणसे

श्रावणाच्या सुमारास बारवी धरण भरत आले की आमच्या बदलापुरात सकाळचे वर्तमानपत्र उघडल्यावर आधी पाण्याच्या पातळीचा आकडा पाहिला जातो. हे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे. मुळात कारखान्यांसाठी बांधले, पण पुढे अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली या साऱ्या पट्ट्यातल्या घरांचे नळही त्याच्यावरच येऊन टेकले. भिंतीची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली, तशी काही गावे पाण्याखाली गेली. पाऊस किती पडला, साठा किती झाला, दरवाजे कधी उघडतील हे सारे अभियंते मोजून सांगतात. धरण भरल्यावर पाण्याची ओटी भरायची, नारळ वाहायचा, ही आपल्याकडची सगळीकडचीच रीत. त्या वेळी मोजमाप करणारा माणूसही पायातले बूट काढून हात जोडतो. याचे कोणाला नवल वाटत नाही, मलाही नाही. नवल वाटते ते त्या गर्दीत एखादा माणूस हात न जोडता उभा असेल तर.

असा माणूस दिसला की त्याच्याविषयीची आपली उत्तरे तयार असतात. चार बुके शिकला आणि शेफारला, असे कोणी म्हणतो. कोणी म्हणतो, आयुष्यात फार सोसले असेल बिचाऱ्याने. आणि हे सगळे पश्चिमेकडून आलेले खूळ आहे, असे म्हणणारे तर पुष्कळच. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. देव आहे की नाही, हे ठरवणे इतिहासाच्या मास्तराचे काम नव्हे. मात्र कोणता माणूस कोणत्या काळात कोणत्या वाटेने ‘नाही’पर्यंत पोचला, हे पाहता येते. ते पाहू लागले की ही तयार उत्तरे फारशी टिकत नाहीत.

पश्चिमेच्या खुळाचे आधी पाहू. बारवीपासून फार दूर नाही, अंबरनाथला शिलाहारांचे शिवमंदिर आहे. त्यावरच्या लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ दिलेला आहे. हे मंदिर उभे राहण्याच्या काही दशके आधी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ लिहिला. ईश्वर आहे, हे तर्काने सिद्ध करणे हाच त्याचा विषय. आता जे सर्वांनाच मान्य आहे ते सिद्ध करायला कोणी एवढा खटाटोप करीत नाही. समोर ‘नाही’ म्हणणारे होते, आणि ते लेचेपेचे नव्हते. बौद्ध होते. जगाचा निर्माता न मानणारे जैन होते. चार्वाक होते. एवढेच नव्हे, तर वेद शिरोधार्य मानणारे मीमांसकही होते. यज्ञाचे फळ यज्ञातूनच मिळते, मध्ये ईश्वर कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल. जुन्या सांख्यांचेही ईश्वरावाचून काही अडले नव्हते.

‘नास्तिक’ या शब्दाचा जुना अर्थही निराळा. वेद प्रमाण न मानणारा किंवा परलोक न मानणारा तो नास्तिक. त्यामुळे ईश्वर न मानणारा मीमांसक आस्तिक ठरे. देव न मानणारा तो नास्तिक, हा अर्थ लोकांच्या तोंडी पुढे रुळला. चार्वाकांचे मूळ ग्रंथ मात्र हरवले. त्यांची मते आपल्याला कळतात ती बहुतेक विरोधकांनी खोडून काढण्यासाठी उद्धृत केली म्हणून. हरलेल्या पक्षाची कैफियत जिंकलेल्याच्या दप्तरात सापडावी, तसा हा प्रकार. त्याच परंपरेतला मानला जाणारा जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ तेवढा विसाव्या शतकात हाती लागला आणि १९४० मध्ये बडोद्याहून छापला गेला.

आता महाराष्ट्राकडे वळतो. या विषयात गोपाळ गणेश आगरकरांपाशी थांबावेच लागते. १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्म. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे वणवण हिंडणे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत, ही हकिकत शाळेत आपण सर्वांनीच वाचलेली असते. सोसले म्हणून देव सुटला, या उत्तराला इतके सोयीचे चरित्र दुसरे नाही. पण आगरकरांचे लेखन वाचताना आपल्या दारिद्र्याचा जाब त्यांनी देवाला विचारला आहे, असे कोठेही जाणवत नाही. त्यांचा प्रश्न निराळाच होता.

डेक्कन कॉलेजात त्यांनी मिल आणि स्पेन्सर वाचले. ‘देवतोत्पत्ति’ नावाचा त्यांचा निबंध आहे. स्वप्ने, मृत्यू, भुताखेतांच्या कल्पना आणि निसर्गाची भीती यांतून माणसाच्या मनात देवता कशा उभ्या राहिल्या असाव्यात, याची चर्चा तो करतो. आज हे ऐकून कोणी दचकणार नाही. पण क्षणभर विचार करा. देवांना उगम आहे, त्यांची रूपे काळाबरोबर बदलली आहेत, हे एकदा दिसले की माणूस देवाकडे भक्त म्हणून नव्हे, तर इतिहासकार म्हणून पाहू लागतो. तेथून परत फिरणे कठीण. आगरकर स्वतः ‘देव नाहीच’ अशी घोषणा करीत बसले नाहीत. विश्वाच्या मुळाशी काय आहे ते आपल्याला कळण्यासारखे नाही, अशी त्यांची अज्ञेयवादी भूमिका होती. ज्याविषयी काही कळत नाही त्याच्या नावाने माणसांवर हुकूम का चालवता, हा त्यांचा खरा मुद्दा.

आणि हे हुकूम साधे नव्हते. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. त्या प्रकरणानंतर संमतीवयाचा कायदा पुढे आला आणि १८९१ मध्ये वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली गेली. फक्त दोन वर्षांची वाढ! तेवढ्यावरून पुण्यात रण माजले. लोकमान्य टिळक विधेयकाच्या विरोधात उभे राहिले. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. आगरकर बाजूने उभे राहिले. डॉ. भांडारकरांसारखे सुधारक शास्त्रातलीच वचने काढून सुधारणेला आधार देत होते. न्यायमूर्ती रानडे आणि प्रार्थना समाजाची मंडळी देवाला सोबत घेऊनच सुधारणा करू पाहत होती. आगरकरांना हा मार्गच पटत नव्हता. शास्त्रात आधार सापडला नसता तर त्या मुलीला मरू द्यायचे होते काय? माझ्या मते आगरकरांच्या अश्रद्धेचे मर्म येथे आहे. बालविवाह, विधवांचे केशवपन, कोणताही विषय काढला की समोरून ‘ईश्वरी आज्ञा’ हे एकच उत्तर येई. त्या उत्तराचा पायाच तपासल्याखेरीज त्यांना पुढे जाता येत नव्हते.

पण म्हणून अन्यायाची चीड आली की माणूस नास्तिक होतो, असा सिद्धांत मांडाल तर महात्मा फुले आडवे येतात. त्यांची चीड आगरकरांपेक्षा तसूभरही कमी नव्हती. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढून त्यांनी भटशाहीची मध्यस्थी मोडली, पण सर्वांचा एक ‘निर्मिक’ मात्र ठेवला. एकाच आगीतून एक माणूस निर्मिकापाशी पोचला, दुसरा अज्ञेयापाशी.

दुःखाने श्रद्धा जाते, या म्हणण्याचेही असेच आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहरात लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले असताना भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. व्हॉल्तेरसारख्यांनी दयाळू, न्यायी देवाची कल्पना त्यानंतर धारेवर धरली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हादरली, ती अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता. गणपती विसर्जन करून दमूनभागून झोपलेली माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर काहींचे देव सुटले, हे खरे. पण बहुतेकांचे नाही सुटले. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही बदलापूरकरांनी पाहिला. उल्हास नदी घरांत शिरली होती. आमच्या ओळखीतल्या एका घरात पाणी ओसरल्यावर म्हातारीने चिखलातून देव शोधून काढले, धुतले आणि पुन्हा देव्हाऱ्यात मांडले. जीव वाचला ही त्याचीच कृपा, असे ती म्हणाली. तिच्या मुलाने त्या दिवसापासून देव्हाऱ्यापुढे उभे राहणे सोडले. पाणी तेच, घर तेच. आणि शेजारचे उल्हासनगर पाहा. फाळणीत घरदार, शेतीवाडी, सिंधू नदी, सगळे मागे टाकून आलेल्या सिंधी लोकांची ती छावणी. त्यांनी आपला जलदेव झुलेलाल बरोबर आणला आणि सिंधूपासून शेकडो मैलांवर त्याचा चाळीस दिवसांचा चालिहा उत्सव चालू ठेवला. एवढे सगळे गेले, देव गेला नाही.

शिकून शेफारण्याविषयी बोलायचे, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचे उदाहरण घ्यावे. त्यांचे शिक्षण वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, वेदान्त आणि न्यायशास्त्राच्या परंपरेत झालेले. देव सोडण्यासाठी त्यांना इंग्रजी शाळेची वाट धरावी लागली नाही. शास्त्रांच्या आतूनच ते चालत बाहेर आले. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांची संगत लाभली. ‘जडवाद’ आणि ‘हिंदुधर्माची समीक्षा’ ही त्यांची पुस्तके १९४० च्या आसपासची. उदयनाचार्यांना उत्तर द्यायला इतका तयारीचा माणूस नऊशे वर्षांनी मिळाला, असे मी वर्गात गमतीने म्हणत असे. र. धों. कर्व्यांची वाट गणिताची आणि शरीरशास्त्राची. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले, आणि त्यात संततिनियमनाइतक्याच कोरडेपणाने देवाधर्माची झडती घेत. सावरकरांनी ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ या निबंधात विश्व माणसाच्या सोयीसाठी चाललेले नाही, हे सांगितले. राजकारणात यांतली काही माणसे एकमेकांचे तोंडही पाहणार नाहीत. तेव्हा नास्तिक म्हणजे अमुक पक्षाचा, ही समजूतही सोडलेली बरी.

या साऱ्यांहून मोठी घटना नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायाला बुद्धाचा धम्म दिला आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या पहिल्या काही प्रतिज्ञा जुन्या देवांना नाकारणाऱ्या आहेत. एकट्यादुकट्या विद्वानाने खोलीत बसून देव नाकारणे निराळे आणि ज्यांना देवळाच्या पायरीवरून हाकलले होते त्यांनी एकत्र उभे राहून त्या देवाकडे पाठ फिरवणे निराळे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांच्या घरात आहे. त्याच जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे देशभरात जेमतेम ३३ हजार, आणि त्यांतले जवळजवळ दहा हजार महाराष्ट्रातले. मला या आकड्यावर फार भिस्त ठेवावीशी वाटत नाही. प्रगणक दारात येतो तेव्हा धर्माचे उत्तर घरातला कर्ता माणूस देतो, आणि घरातल्या एखाद्या सुनेचा किंवा मुलाचा देवावर विश्वास नाही हे त्याला ठाऊकही नसते. आरतीला टाळ्या वाजवणाऱ्यांत अशी माणसे असतात. आईला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प असतात.

बोलण्याची किंमत काय पडू शकते, हेही आपण पाहिले आहे. डॉ. श्रीराम लागू देवाला निवृत्त करा म्हणत गावोगाव फिरले. त्यांच्यासोबत व्यासपीठावर डॉ. नरेंद्र दाभोलकर असत, आणि गंमत म्हणजे दोघांचा तेथे जाहीर वाद चाले. लागूंच्या मते देव मानणे हीच मूळ अंधश्रद्धा. दाभोलकरांची समिती मात्र देवाधर्माविषयी तटस्थ राहून शोषणाला विरोध करण्याची भूमिका घेत होती. त्यातला मवाळ बोलणारा माणूस २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला निघाला असताना गोळ्या घालून मारला गेला. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. देव मानू नका, असे त्या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. खुनाच्या खटल्यात दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये, जवळजवळ अकरा वर्षांनी.

‘मरताना आठवेल देव’ असे नास्तिकाला हमखास ऐकवले जाते. सावरकरांनी १९६६ मध्ये जाताना आपल्यामागे कसलेही विधी नकोत, विद्युतदाहिनीत दहन करा, असे सांगून ठेवले होते. आगरकरांची तर पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती. ते दम्याने पोखरले होते आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. घरात पत्नी यशोदाबाईंची देवपूजा चालू असे. त्यांनी तिला कधी अडवले नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. उशाशी एक पुरचुंडी सापडली, असे सांगतात. आपल्या दहनाच्या खर्चाचा बोजा कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे बांधून ठेवले होते. केसरीतला मृत्युलेख टिळकांनी लिहिला.