परक्याला घरचे करताना

स्वादुपिंडातून वेगळ्या केलेल्या पेशींवर डायथिझोन नावाचे रंगद्रव्य टाकले, की सूक्ष्मदर्शकाखाली फिकट तुकड्यांच्या गर्दीत लाल ठिपके दिसू लागतात. इन्सुलिनसोबत साठवलेल्या जस्ताला तो रंग धरतो. हीच लँगरहॅन्सची बेटे. ज्याने ती एकदा डोळ्यांनी पाहिली, त्याला ही विद्याशाखा सहसा सोडत नाही.

टाइप 1 मधुमेहात प्रतिकारयंत्रणा या बेटांतल्या बीटा पेशीच मारून टाकते. दात्याची बेटे यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून आत सोडली, तर ती तिथे रुजून इन्सुलिन तयार करू लागतात. 2000 साली कॅनडातल्या एडमंटनच्या चमूने सात रुग्णांवर हे केले आणि सातही जणांची इन्सुलिनची इंजेक्शने सुटली. तिथल्याच पुढच्या पाहणीत मात्र पाच वर्षांनी बहुतेक रुग्ण इन्सुलिनकडे परतलेले आढळले. कारण बेटांवर हल्ला दुहेरी असतो: ती परकी म्हणून एक, आणि मूळ आजारातले जुने वैर दुसरे. तो थोपवणाऱ्या औषधांपैकी टॅक्रोलिमस तर बीटा पेशींनाच अपाय करते. कुंपणानेच शेत खावे, तसे हे.

म्हणून या ग्रंथाचा विषय औषधांनी दडपणे हा नाही, सहिष्णुता हा आहे. पहारा जागा राहावा, पण या एका पाहुण्याला त्याने घरचे मानावे. हे स्वप्नरंजन नव्हे. 1953 साली मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी सोडल्या. ते उंदीर मोठे झाल्यावर त्यांनी त्याच वाणाची त्वचा स्वीकारली. मोठ्या शरीरातही ही समज राखणाऱ्या नियामक टी-पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी ब्रंकॉव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना 2025चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत, पहाऱ्याला दिसू नयेत म्हणून जनुके बदललेली बेटे घातल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. दडपणारी औषधे न देताही ती तगली. माझ्या मते हे लपणे झाले, स्वीकारले जाणे नव्हे. हा फरक विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी मनात पक्का करावा.

आपल्याकडचा धागाही जवळचाच आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. रमेश भोंडे यांनी वर्षानुवर्षे बेटांवर काम केले; तिथेच घडलेले आनंदवर्धन हर्डीकर 2004 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या मानवी बेटपेशींच्या शोधनिबंधाचे एक लेखक होते. आणि नवी मुंबईत, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात, रुग्णाच्याच टी-पेशींना कर्करोग ओळखायला शिकवणाऱ्या कार-टी उपचाराच्या चाचण्या झाल्या. आयआयटी मुंबईत जन्मलेल्या त्या नेक्सकार19 उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. तिथे पेशीला मारायला शिकवले. बेटांसाठी नियामक पेशीला हल्ला शांत करायला शिकवायचे आहे. धडा उलटा असला, तरी पेशी बाहेर काढणे, जनुक घालणे, वाढवणे, पुन्हा शरीरात सोडणे ही हातोटी तीच. ती आता आपल्याकडे आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

जीवशास्त्राच्या पदवीइतकी तयारी असेल, तर हा ग्रंथ वाचता येईल. दुसऱ्या प्रकरणातल्या थायमस ग्रंथीच्या वर्णनापाशी अडखळलात, तर पुढे जा आणि बेटांचे प्रकरण वाचून परत या. मीही त्याच वाटेने शिकलो.