इमारतीचा विद्युत अभिकल्पक

इमारतीला किती वीज लागेल, ती कोणत्या मार्गाने खेळवावी आणि बिघाड होताच क्षणार्धात कशी तुटावी, हे आराखड्यातच ठरविणारा अभियंता म्हणजे विद्युत अभिकल्पक. तारा ओढणारा वायरमन किंवा परवानाधारक कंत्राटदार यांच्याहून त्याचे काम निराळे. ते बव्हंशी बांधकामापूर्वीच होते आणि गिलाव्यानंतर कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

चार वर्षांची पदवी किंवा तीन वर्षांची पदविका घेऊन तरुण या व्यवसायात येतो. गोव्यात पदवीची जुनी वाट फर्मागुढीच्या, 1967 साली स्थापन झालेल्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून जाते. आरंभीची वर्षे दिवे, पंखे आणि बटणांच्या जागा रेखाटण्यात सरतात. खरी परीक्षा असते ती भाराच्या हिशेबात.

समजा, 20 सदनिकांची इमारत आहे आणि प्रत्येकीचा जोडभार 8 किलोवॅट आहे. एकूण 160 झाले. परंतु सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत. प्रत्यक्ष मागणी निम्मी धरली तर 80 किलोवॅट, म्हणजे 415 व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्यावर, पॉवर फॅक्टर 0.9 असताना, सुमारे 124 अँपिअर. केबल, स्विच, जनित्र हे सारे या आकड्यावर उभे राहते. मात्र हा ‘निम्मा’ कोष्टकातून जसाच्या तसा उचलता येत नाही. मे महिन्याच्या रात्री किती घरांत वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू असतील, हे जुन्या इमारतींचे मीटर पाहिलेल्यालाच उमगते.

विजेवरील गाड्यांनी हा हिशेब आणखी अवघड केला आहे. केंद्राच्या आदर्श बांधकाम उपविधींत 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार वाहनतळाच्या 20 टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची सोय अपेक्षित आहे. 20 गाड्यांमागे 4 चार्जर होतात. 32 अँपिअरचा एक चार्जर सुमारे 7.4 किलोवॅट घेतो, म्हणजे चार मिळून जवळजवळ 30. शिवाय चार्जर तासन्‌तास अखंड चालतो, त्यामुळे पंखा-मिक्सरसारखी सूट त्याला देता येत नाही.

आपल्याकडील जमिनीचाही विचार करावा लागतो. जांभ्यातून पाणी झरझर निचरून जाते; कोरड्या जांभ्यात अर्थिंगचा रोध वाढतो. ऑगस्टमधील मापनाने समाधान मानू नये, मेअखेरीस पुन्हा मोजावे. किनाऱ्यालगत खारी हवा लोखंडी पट्ट्या कुरतडते, ते वेगळेच.

कायद्यात मात्र या व्यवसायाचे स्थान दुबळे आहे. ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला 1972 च्या कायद्याचे संरक्षण आहे. अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत चार्टर्ड विद्युत सुरक्षा अभियंत्याची तरतूद आहे, पण ती तपासणीपुरती. परिणामी लहान इमारतींत अनेकदा कंत्राटदारच नकाशा फुकट काढून देतो. केबल विकणाऱ्यानेच तिची जाडी ठरवावी, हा व्यवहार प्रस्तुत लेखकाला धोक्याचा वाटतो.

अनुभवी अभिकल्पक काम पूर्ण झाल्यावरही जागेवर येतो. 30 मिलीअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारे आरसीसीबी प्रत्येक सदनिकेत खरोखर तोडते की नाही, हे तो यंत्र लावून पाहतो. त्यानंतर प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे सोसायटीच्या स्वाधीन करतो, म्हणजे वीस वर्षांनी भिंत फोडणाऱ्याला केबल कोठे आहे ते कळते.