नगरच्या किल्ल्यातली गुप्त कैद आणि दोन पुस्तकं

शनिशिंगणापूरला जाता-येता अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला पाहिलाय का? ‘भारत छोडो’ ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेसच्या नेत्यांना मुंबईत पकडून इथे आणलं गेलं. त्यांना कुठे ठेवलंय, हे सरकारने गुप्त ठेवलं. सुरुवातीला आत वर्तमानपत्रंही मिळत नव्हती.

पण चर्चा थांबल्या नाहीत. नेहरूंसोबत मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत असे अभ्यासक होते. त्यांच्याशी झालेल्या चर्चांचं ऋण नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या प्रस्तावनेत मान्य केलंय. हा ग्रंथ त्यांनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ दरम्यान इथेच लिहिला. आझादांनी मित्राला लिहिलेली पत्रं तेव्हा पाठवता आली नाहीत. ती १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू पुस्तकातून वाचकांपर्यंत पोहोचली.