उच्च शिक्षणातील जालाधारित अध्ययन : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसर

विद्यापीठीय अभ्यासक्रमाचा सर्व वा काही भाग संगणकजालाच्या द्वारे पूर्ण करण्याच्या पद्धतीस जालाधारित अध्ययन म्हणतात. या पद्धतीत विद्यार्थी ग्रंथ, ध्वनिचित्रफिती, सहाध्यायी, शिक्षक व संगणकीय साधने यांची स्वतःपुरती जी जुळणी करतो, तिला व्यक्तिगत अध्ययन-परिवेश अशी संज्ञा आहे. ही संज्ञा २००४-०५ च्या सुमारास इंग्लंडमधील शिक्षणतज्ञांच्या चर्चेतून पुढे आली. महाविद्यालयाने उभारलेली संगणकीय व्यवस्था संस्थेच्या सोयीने चालते आणि अभ्यासक्रम संपताच विद्यार्थ्याला बंद होते. त्याऐवजी साधनांची निवड व मालकी विद्यार्थ्याकडे असावी, हा तिच्यामागील मूळ विचार होय. कल्पना मात्र संगणकजालाहून जुनी आहे. इव्हान इलिच या विचारवंताने १९७१ मध्येच शाळासंस्थेवर टीका करताना शिकू इच्छिणारे, शिकवू इच्छिणारे व साधने यांना जोडणाऱ्या ‘अध्ययनजाळ्यां’चा पुरस्कार केला होता. २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स यांनी चालविलेल्या अभ्यासक्रमास शुल्क भरलेले सुमारे २५ विद्यार्थी होते, तर जालावरून विनामूल्य सहभागी झालेल्यांची संख्या २,००० हून अधिक होती. विराट खुल्या अभ्यासक्रमांचा इतिहास सामान्यतः येथून मोजतात.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे या इतिहासाच्या केंद्रस्थानी कधीच नव्हती. तरीही विद्यापीठापासून ५०-६० किमी. दूर राहणारा, बहुधा नोकरी वा दुकान सांभाळणारा विद्यार्थी शिक्षणाची जुळवाजुळव कशी करतो, हे पाहण्यास हा परिसर फार उपयुक्त आहे. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांहून अधिक, अंबरनाथची सुमारे अडीच लाख व कुळगाव-बदलापूरची सुमारे पावणेदोन लाख होती. म्हणजे तिन्ही मिळून एका मोठ्या शहराइतका हा समाज आहे, पण त्याचे विद्यापीठ मुंबईत आहे.

पूर्वपीठिका : या परिसराला मुंबईशी जोडणारे पहिले जाळे लोहमार्गाचे. कल्याणहून खोपोलीच्या दिशेने जाणारा मार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. अंबरनाथ येथे विसाव्या शतकात आगपेट्या, रसायने व पुढे संरक्षणसामग्री यांचे कारखाने निघाले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची उल्हासनगर म्हणून पायाभरणी झाली. पाच छावण्यांचे हे गाव. आजही तेथील पत्ते छावणीच्या क्रमांकानेच सांगतात.

निर्वासितांनी इमारती मागे सोडल्या, संस्था सोबत आणल्या. सिंधमधील हैदराबाद येथे महाविद्यालय चालविणाऱ्या हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाचे पुनरुज्जीवन प्राचार्य के. एम्. कुंदनानी व बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये मुंबईत केले व वांद्रे येथे महाविद्यालय काढले. याच मंडळाचे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय आणि सेवासदन संस्थेचे आर. के. तलरेजा महाविद्यालय ही १९६० च्या दशकात उल्हासनगरात सुरू झाली. त्यापूर्वी पदवीसाठी आगगाडीला पर्याय नव्हता. नंतरही पदव्युत्तर वर्ग, विशेष विषय व चांगली ग्रंथालये यांसाठी मुंबई गाठावीच लागे. बदलापूर हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किमी. आहे, जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास सहज जातात. डब्यात उभ्याने केलेले वाचन, ओळखीच्या विद्यार्थ्याकडून आणलेल्या टिपणांच्या वह्या, कल्याणच्या १८६४ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी आणि परीक्षेआधीचा खासगी शिकवणीवर्ग, ही या विद्यार्थ्याची साधने होती. व्यक्तिगत अध्ययन-परिवेश हे नाव तेव्हा कोणी दिले नव्हते, एवढेच.

भारतात पत्रद्वारा उच्च शिक्षणाचा प्रारंभ दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये केला. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रमांचे संचालनालय स्थापिले. कालांतराने त्याचे दूर व मुक्त अध्ययन संस्था असे नामांतर झाले. छापील पाठ टपालाने घरी येत व संपर्कवर्ग सुटीच्या दिवशी भरत. कारखान्यात पाळीने काम करणारा अंबरनाथचा कामगार किंवा उल्हासनगरातील दुकानात दिवसभर बसणारा तरुण यांना वाणिज्य वा कला शाखेची पदवी यामुळे आवाक्यात आली. लग्नानंतर शिक्षण तुटलेल्या स्त्रियांनाही हाच मार्ग उरे. १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, स्वयंअध्ययनाच्या दृष्टीने लिहिलेली मराठी पाठ्यपुस्तके आणि प्रचलित महाविद्यालयांतच चालणारी अभ्यासकेंद्रे, ही त्याची वैशिष्ट्ये होत. मराठीतून स्वतः वाचून शिकता येईल असे विद्यापीठीय पाठ्यपुस्तक तयार करणे हे या विद्यापीठाचे कार्य त्याच्या पदव्यांपेक्षाही मोलाचे मानावे लागेल. नंतरच्या जालाधारित अभ्यासक्रमांना ही गोष्ट क्वचितच साधली आहे.

दूरचित्रवाणीचा प्रयोग या मानाने फिका ठरला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘देशव्यापी वर्ग’ १५ ऑगस्ट १९८४ पासून इन्सॅट-१बी उपग्रहाच्या साहाय्याने प्रसारित होऊ लागला. पण त्याची भाषा प्रामुख्याने इंग्रजी, वेळ दिवसाची आणि प्रेक्षकाला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

संगणकजालाचे आगमन : भारतातील शैक्षणिक संगणकजालाचा (अर्नेट) आरंभ १९८६ मध्ये झाला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था या त्यातील अग्रेसर संस्था होत्या. या कार्यात श्रीनिवासन रमणी यांचा मोठा वाटा होता. जुहू-पवईहून उल्हासनगर जेमतेम ४०-५० किमी. असले, तरी हे जाल निवडक राष्ट्रीय संस्थांपुरते होते. संलग्न महाविद्यालये त्याच्या कक्षेत नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आंतरजालाची सेवा सर्वांना खुली केली आणि १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला. पुढील काही वर्षांत स्थानकांच्या परिसरात तासावर पैसे घेणारी सायबर कॅफे निघाली. परीक्षेचे निकाल, प्रवेशाचे अर्ज व नोकरीच्या जाहिराती पाहणे हा तेथील विद्यार्थ्यांचा मुख्य उद्योग होता. अध्ययन असे त्यात थोडेच. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम्‌एस-सीआयटी या संगणकसाक्षरतेच्या अभ्यासक्रमाने खासगी केंद्रांचे जाळे गल्लोगल्ली पसरविले. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र उपयोगी पडत असल्याने त्याला गर्दी झाली व अनेक कुटुंबांत संगणकाला पहिला हात लागला तो येथे.

महाविद्यालयांतील जालाचा उपयोग शिकविण्यापेक्षा परीक्षेच्या कामी आधी झाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संलग्नतेच्या पद्धतीत अभ्यासक्रम व पदवी ही दोन्ही विद्यापीठाच्या हाती असतात; महाविद्यालयाने त्या दोहोंमधील अध्यापन तेवढे करावयाचे. त्यामुळे प्रशासनाचे संगणकीकरण वरून खाली आले. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सर्व उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने लागू केली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पुढील प्रवेशासाठी निकालपत्राची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना याची मोठी झळ बसली. जाल आले म्हणजे विलंब गेला, हे समीकरण येथे खोटे ठरले.

अध्यापनाचे साहित्य स्वतंत्रपणे तयार होत होते. भारतीय तंत्रज्ञान संस्था व भारतीय विज्ञान संस्था यांची अभियांत्रिकीची व्याख्याने एन्‌पीटेल या योजनेखाली २००३ नंतर जालावर येऊ लागली. मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेतील कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ करण्यात आले. त्यांची रचना साधी पण विचारपूर्वक आहे. पडद्यावरील संगणकीय आज्ञा इंग्रजीत तशाच राहतात व केवळ निवेदन मराठीसह इतर भारतीय भाषांत बदलते. विद्यार्थ्याने खिडकीच्या एका बाजूस पाठ लावून दुसऱ्या बाजूस तीच कृती स्वतः करावयाची असते. शिक्षक जवळ नसताना शिकणाऱ्याचा नेमका विचार करणाऱ्या थोड्या उपक्रमांपैकी हा एक होय. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाने ‘स्वयम्’ हे अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू केले. अशा अभ्यासक्रमांतील श्रेयांक पदवीसाठी धरण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्के व २०२१ मध्ये ४० टक्के ठरविली. अनुमती कागदावर असली, तरी कोणता अभ्यासक्रम मान्य करावयाचा हे विद्यापीठ व महाविद्यालयच ठरविते, विद्यार्थी नव्हे.

सप्टेंबर २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील जालसेवेचे दर एकदम उतरले. सायबर कॅफे ओसरली आणि आगगाडीच्या डब्यातील वहीची जागा यूट्यूबवरील व्याख्यानांनी घेतली. वर्गाचा व्हॉट्सॲप गट ही महाविद्यालयीन जीवनातील खरी सूचनाफलकाची जागा झाली. हे सर्व संस्थांनी योजले नव्हते. विद्यार्थ्यांनी हाताशी आले ते जोडले. युरोप-अमेरिकेतील लेखनात व्यक्तिगत अध्ययन-परिवेश विपुल साधनांतून निवड करणाऱ्याचे स्वातंत्र्य म्हणून येतो. येथे तो टंचाईतून काढलेला मार्ग आहे, आणि दोहोंना एकच नाव देताना हा फरक विसरू नये.

टाळेबंदीचा काळ : मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि २२ मार्चनंतर उपनगरी गाड्या थांबल्या. १५ जून २०२० पासून त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागल्या. सामान्य प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ रोजी ठरावीक वेळांत मिळालेली मुभा एप्रिलमध्ये पुन्हा काढून घेण्यात आली व लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास खुला झाला. उल्हास नदीच्या पुराने हा मार्ग तुटणे बदलापूरकरांच्या अंगवळणी पडलेले आहे (२६ जुलै २००५ चा प्रलय, किंवा २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस). परंतु तो इतका दीर्घकाळ बंद राहण्याचा प्रसंग पूर्वी आला नव्हता. प्रथमच लोहमार्गाचे जाळे नाहीसे झाले आणि संगणकजालावर शिक्षणाचा सर्व भार पडला.

झूम व गूगल मीट यांवरून तास सुरू झाले. प्रवासाचे तास वाचले, मुद्रित व्याख्यान पुन्हा ऐकता येऊ लागले, आणि नोकरी करणाऱ्यास रात्री अभ्यासाची सोय झाली, हे लाभ खरेच होते. पण छावणीतील बराकींच्या जागी उभ्या राहिलेल्या दाट वस्तीत किंवा चाळीतील एका खोलीत दोन भावंडांचे तास एकाच वेळी असत व भ्रमणध्वनी एकच असे, तो बहुधा कामावर जाणाऱ्या वडिलांचा. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके पडद्यावर पाहून भागवावी लागली, आणि रसायन-कारखान्यांच्या अंबरनाथमध्ये तर हे विशेष विपरीत होते. परीक्षांविना अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिल्यावर ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. दीर्घ उत्तर लिहिण्याचा सराव मोडलेल्या या तुकड्यांना पुढे लेखी परीक्षेकडे परतणे जड गेले, असे शिक्षक सांगतात.

भाषेचा प्रश्न त्याहून जुना आहे. जालावरील विद्यापीठीय साहित्य मुख्यत्वे इंग्रजीत व काही हिंदीत आहे. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या बदलापूरच्या विद्यार्थ्यास मुक्त विद्यापीठाची पुस्तके, मराठी विकिपीडिया (प्रारंभ २००३) व जालावर उपलब्ध झालेला मराठी विश्वकोश एवढा आधार आहे. उल्हासनगरच्या सिंधीभाषकांची स्थिती याहून बिकट होय. अरबी व देवनागरी अशा दोन लिप्यांत विभागलेल्या त्यांच्या भाषेत उच्च शिक्षणाचे साहित्य विरळच सापडते आणि नवी पिढी घरी सिंधी बोलून इंग्रजीत शिकते. ज्यांच्या वाडवडिलांनी महाविद्यालय स्थलांतरित करून टिकविले, त्यांची भाषा संगणकजालाच्या विपुलतेतही मागे पडावी, ही चिंतेची बाब आहे.

ग्रंथांच्या क्षेत्रात याच परिसरात एक वेगळा प्रयत्न झाला. बदलापूर येथे श्याम जोशी यांनी उभारलेल्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयात जुनी व दुर्मिळ मराठी पुस्तके व नियतकालिके मोठ्या प्रमाणावर संग्रहित झाली. संशोधक मुंबई-पुण्याहून बदलापूरला येऊ लागले. एरवी विद्यार्थ्यांना मुंबईकडे नेणाऱ्या लोहमार्गावर हा प्रवास उलट दिशेचा होय. कोणत्याही विद्यापीठाच्या योजनेत नसलेला हा संग्रह मराठीच्या अभ्यासकाला जालावर न मिळणारी साधने पुरवितो.

साथीनंतर महाविद्यालये पूर्ववत भरू लागली असली, तरी विद्यार्थी पूर्वीच्या पद्धतीकडे पुरता परतला नाही. चरितार्थाचे काम करीत परीक्षेपुरते महाविद्यालय गाठण्याची प्रवृत्ती वाढली. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था आता दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र या नावाने ओळखली जाते. टपालाने येणाऱ्या पाठांची जागा संगणकीय प्रतींनी घेतली आहे; संपर्कवर्ग, प्रश्न विचारण्याची संधी आणि ग्रंथालयातील बसण्याची जागा यांची गरज मात्र कमी झालेली नाही.