लिस्बनचे चढ आणि आपले गुडघे



आमच्या बचत गटातल्या एक आजी लेकीच्या बाळंतपणासाठी पोर्तुगालला गेल्या आणि लिस्बन शहरात तीन महिने राहून आल्या. काय काय पाहिलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, "खिडकीतून समोरचा जिना पाहिला. तो चढायची भीती वाटली, मग फारशी बाहेर पडलेच नाही." आम्हाला फार वाईट वाटलं. म्हणून आज त्या शहराचा इतिहास सांगतो आहोत. तो माहीत असला की कुठे जायला सोपं आणि कुठे जपून जायचं, हे आपोआप कळतं.

लिस्बन आपल्याला अगदीच परकं नाही. १४९७ साली वास्को द गामाची जहाजं तिथूनच निघाली. पुढे १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. बटाटा, पाव, चावी, पगार हे आपले रोजचे शब्द त्यांच्याच भाषेतून आले.

हे शहर टॅगस नदीच्या मुखाशी, टेकड्यांवर वसलंय. १ नोव्हेंबर १७५५ ला सणाचा दिवस होता. सकाळी लोक चर्चमध्ये असताना मोठा भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या, मग आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसं गेली. नदीकाठचा बायशा हा सखल भाग उद्ध्वस्त झाला. पोंबाल नावाच्या मंत्र्याने तो नव्याने बांधून घेतला. रस्ते सरळ आखले. पुन्हा भूकंप आला तर घरं तग धरावीत, म्हणून भिंतींत लाकडी सांगाडे घातले.

टेकडीवरची आल्फामा ही अरबांच्या काळापासूनची वस्ती मात्र बरीचशी वाचली. म्हणून तिथे अजूनही अरुंद बोळ आणि पायऱ्याच पायऱ्या आहेत. असेच चढ चढून मासळी विकणाऱ्या बायका डोक्यावर टोपली घेऊन, कित्येकदा अनवाणी, दारोदार फिरत. चढाचा त्रास सगळ्यांनाच होता. म्हणून १९०२ साली बायशातून वरच्या वस्तीत जायला ४५ मीटर उंच लोखंडी लिफ्ट उभी राहिली. तिचं नाव सांता जुस्ता.

आता जाणाऱ्या आज्यांसाठी चार गोष्टी. पहिले दोन दिवस बायशात आणि बेलेंच्या नदीकाठी फिरा, तिथे फारसा चढ नाही. वास्को द गामाची कबरही बेलेंच्या मठातच आहे. आल्फामाला जाताना ट्रामने वर जा. लिफ्ट कधीकधी बंद असते, तेव्हा आधी चौकशी करा. परत येतानाही वाहनच बघा. चढण दम काढते, पण उतरण गुडघे धरते, हे आपल्याला डोंगरातल्या देवीला जाऊन ठाऊक आहेच.

तिथले पदपथ छोट्या गुळगुळीत दगडांचे आहेत आणि पावसात फार निसरडे होतात. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. काठी न्यायला लाजू नका. ट्रामच्या गर्दीत पाकीट मारतात, पैसे आतल्या पिशवीत ठेवा.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्याचा कागद आणि गोळ्यांची चिठ्ठी जवळच ठेवा. अडचणीच्या वेळी फोन करायचा नंबर आपल्यासारखाच, ११२.

आणि लेकींनो, सुनांनो, तुम्हालाही सांगणं आहे. आईला बाळासाठी बोलावलंत, चांगलं केलंत. पण आठवड्यातला एक दिवस तिच्यासाठी राखून ठेवा. बाळाला कडेवर घ्या, आईचा हात धरा आणि तिला नदीकाठी नेऊन आणा. इतक्या लांब आलेल्या बाईने नुसती खिडकी पाहून परत का यावं?